डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णासाठी निवासी केंद्र कसं पारखावं: खान्देशातल्या कुटुंबांसाठी

केंद्र बघायला बहुतेक घरांतून चुकीची माणसं जातात, आणि तीही चुकीच्या वेळी. थोरला मुलगा आणि जावई रविवारी सकाळी अकराला गाडी काढतात, ऑफिसात चहा घेतात, बाग, देऊळ आणि चकचकीत फरशी बघतात, महिन्याचा आकडा विचारतात आणि जेवायला घरी परततात. ज्या सुनेनं किंवा लेकीनं रोज आंघोळ घातली, मध्यरात्री उठून ओली चादर बदलली, ती घरीच राहिलेली असते. तिला जे प्रश्न पडले असते ते कुणी विचारतच नाही. मग काही दिवसांत केंद्रातून फोन येतो, "तुमचे वडील कुणाचं ऐकत नाहीत, घेऊन जा."

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांसाठी हे लिहितो आहे, मग केंद्र गावाजवळचं असो की मुलांच्या सोयीनं नाशिक, पुणे, सुरतेचं. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिले दोन टप्पे केंद्र शोधायला लागण्याआधी करायचे आहेत, आणि नेमके तेच टाळले जातात.

## १. निदान कागदावर आणा

"वय झालं, चळ लागला" हे निदान नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडून लेखी निदान घ्या. धुळे आणि जळगाव इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त यांची लक्षणंही डिमेन्शियासारखीच दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा आहे तेही डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं फार घातक ठरू शकतात, त्यामुळे केंद्राला प्रकार माहीत असलाच पाहिजे.

इशारा: माणूस गेल्या दोन-चार दिवसांतच एकदम बिघडला असेल, म्हणजे भलतंच बरळतोय, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा आहे, तर केंद्र शोधू नका, आधी दवाखान्यात न्या. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू झालेली गोळी यांपैकी काहीही कारण असू शकतं. या अवस्थेत घेतलेला निर्णय पुढे बदलावा लागतो.

## २. माणूस दोन पानांत लिहून काढा

हा कागद रोजची सेवा करणारीनं सांगायचा आणि दुसऱ्यानं लिहायचा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात तोच हातात असणार आहे. "आजार: डिमेन्शिया, बीपी, शुगर" एवढ्यावर भागत नाही. दिवस कसा जातो ते लिहा.

रात्र. किती वेळा उठतात? उठून कुठे जातात? दाराची कडी काढता येते का? बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता दुपारी चारनंतर वाढते. "माले घर जानं शे" हे घरातच बसून म्हणणं तेव्हाच सुरू होतं. ते किती वाजता सुरू होतं आणि कशानं थांबतं, हे लिहा. अंगणात दोन चकरा मारल्यावर? जुन्या भजनानं? बैलांचा विषय काढल्यावर?

बोली. हा मुद्दा फार कमी जण धरतात. आजार वाढतो तसे बरेच जण लहानपणच्या भाषेवर येतात. तीस वर्षं रेल्वेत हिंदी बोललेला माणूस अहिराणीवर किंवा तावडीवर येतो. नंदुरबारकडे गुजरी, भिलोरी किंवा पावरी असू शकते. पुण्याच्या केंद्रातल्या मावशीला त्यातलं अक्षर कळणार नाही, आणि "लघवीला जायचंय" हे न कळल्यामुळे पेशंट "हट्टी" ठरतो. पाणी, लघवी, दुखणं, भूक, भीती यांसाठी ते वापरतात ते पंधरा-वीस शब्द लिहून द्या.

जेवण. कळण्याची भाकरी चावता येते की वरणात कुस्करून द्यावी लागते? पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर ठळक लिहा, कारण अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. एकादशी-चतुर्थीचे उपास अजून धरतात का? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन दिलं आणि "माझा उपास" म्हणून ताट सरकवलं, तर साखर धोक्याच्या खाली जाते.

सवयी. तंबाखू-चुना, मिश्री, बिडी लपवू नका. एका दिवसात सगळं बंद झालं की चिडचिड वाढते आणि त्यावर उपाय म्हणून झोपेची गोळी सुरू होते. आंघोळ कोणत्या वेळी, गरम की कोमट, बाईच्या हातून चालते की पुरुषाच्या, हेही लिहा. मारणं, चावणं, कपडे काढणं असेल तर तेही स्पष्ट लिहा. प्रवेश मिळावा म्हणून लपवलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात उघडी पडते.

तपासा: हा कागद अनोळखी माणसाला वाचायला द्या. त्याला उद्या सकाळी सहा ते दहा या माणसाला एकट्यानं सांभाळता येईल का? नसेल तर काहीतरी राहिलं आहे.

## ३. फोनवरच निम्मी यादी कापा

आधी घरात ठरवा: केंद्र गावाजवळ की मुलांजवळ? माझं मत सांगतो. जो माणूस आठवड्यातून एकदा, न सांगता, खरंच जाऊ शकतो त्याच्या जवळ. धुळ्याहून नाशिक साधारण १५० किलोमीटर, जळगावहून पुणे ४०० च्या आसपास. "महिन्यातून दोनदा जाऊ" हे प्रवेशाच्या दिवशी सगळेच म्हणतात.

"डिमेन्शियाचे पेशंट घेता का?" असं विचारू नका. उत्तर "हो" येतं आणि काहीच कळत नाही. असं विचारा:

- आत्ता तुमच्याकडे एकूण किती जण आहेत? त्यांतले विसरणारे, भटकणारे किती?
- रात्री दहा ते सकाळी सहा कितीजण ड्युटीवर असतात? ते जागे असतात की झोपून?
- पेशंट अंथरुणाला खिळला तर ठेवता की परत पाठवता?
- शेवटचा पेशंट तुम्ही कोणत्या कारणानं घरी पाठवलात?

आपल्या भागातले बरेच वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी आहेत. ते चांगलेही असतील, पण तुमच्या कामाचे नाहीत. "बघू, करू ॲडजस्ट" हे उत्तर नकार समजा. वीस-पंचवीस माणसांमागे रात्री एकच मदतनीस आणि तोही झोपलेला, असं असेल तर पुढे जाऊ नका.

## ४. पहिली भेट: कागद बघा, बाग नंतर

वेळ घेऊन जा, आणि सेवा करणारीला सोबत न्या. ती जाणार नसेल तर भेट पुढे ढकला.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवली जाते. त्यातून फक्त ट्रस्ट अस्तित्वात आहे एवढं कळतं. देणगीवर करसवलत मिळते, यातूनही सेवेबद्दल काही कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या व्यक्तींना ठेवून उपचार-देखभाल करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. नोंदणी आहे का, नसेल तर का नाही, हे विचारा. चिडून दिलेलं उत्तरही उपयोगाचं असतं. अग्निशमनाची व्यवस्था बघा, विशेषतः रात्री दाराला कुलूप लागत असेल तर किल्ली कोणाकडे असते ते.

मग तीन वह्या मागा: औषधांची, कोण कधी पडलं त्याची, वजनाची. दुसऱ्या पेशंटचं नाव झाकून एक पान दाखवलं तरी चालेल. "आमच्याकडे कुणी पडतच नाही" म्हणणाऱ्या केंद्रात माणसं पडतात, फक्त लिहून ठेवलं जात नाही.

## ५. दुसरी भेट: संध्याकाळी, न सांगता

वेळ फक्त एकाच भेटीची असेल, तर ती हीच करा. साडेपाचला पोचा आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत थांबा. या दोन तासांत पाळी बदलते, अंधार पडतो, पेशंट अस्वस्थ होतात आणि हात कमी पडतात. सकाळी अकराला कुठलंही केंद्र बरंच दिसतं.

दुसऱ्यांच्या खोल्यांत जाऊ दिलं नाही तर ते योग्यच आहे, त्यांनाही लाज-अब्रू आहे. पण हॉल, जेवणाची जागा आणि संडास दाखवायला नकार आला, पुढच्या खेपेलाही आला, तर नाव कापा.

आधी बघा, सहाच्या सुमाराला किती जण खुर्चीत मान टाकून झोपलेत. एखाद-दुसरा असतोच. निम्मा हॉल गुंगीत असेल, तर ती शांतता गोळ्यांची आहे. मग हात बघा, नखं बघा, ओठ कोरडे आहेत का बघा. पाण्याचा पेला पेशंटच्या हाताला लागतो की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे? लघवीचा वास एका कोपऱ्यात असेल तर आत्ता कुणाला तरी झाली असेल. तोच वास गादी-उशांना असेल, किंवा फिनेलनं डोळे चुरचुरत असतील, तर तो रोजचाच आहे.

ओढणीनं, चादरीनं, पट्ट्यानं कुणी खुर्चीला किंवा खाटेला बांधलंय का? २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधण्यावर सरसकट बंदी आहे. इतर बंधनंही तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि तेवढ्यापुरतीच. "पडू नयेत म्हणून बांधतो" हे रोजच्या कामाच्या सुरात सांगितलं गेलं, तर तिथून निघा.

आता कान द्या. एखादे आजोबा "बस कधी येईल?" असं पुन्हा पुन्हा विचारत असतील. मावशी सातव्यांदा काय म्हणते? "बसा गप" की "येईल हां, तोवर चहा घ्या"? केंद्राचं प्रशिक्षण भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा या उत्तरात कळतं.

जेवणाच्या वेळी सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचं ताट बघा. तो जेवेपर्यंत कुणी शेजारी बसतं का, की दहा मिनिटांत ताट उचललं जातं? जेवण शेवभाजीसारखं झणझणीत असेल तर मऊ, कमी तिखट वेगळं शिजतं का?

संडासात स्वतः जा. कमोडजवळ धरायला दांडी हवी, आतून कडी नको, रात्रभर दिवा हवा, आणि खाटेपासूनचं अंतर तुमच्या माणसाच्या पावलांत मोजा. पाहुण्यांना आवडणारी ती चकचकीत फरशी डिमेन्शियाच्या माणसाला पाणी सांडल्यासारखी वाटू शकते. तो तिच्यावर पाय टाकायला घाबरतो, किंवा ओलांडायला जातो आणि पडतो.

### आवाराबाहेरही फिरा

मळ्यातली केंद्रं हवेशीर म्हणून लोकांना आवडतात. तिथे विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? शेततळं, पाटचारी, रेल्वे रूळ, महामार्ग किती लांब आहे? रावेर-यावलकडे कुंपणापलीकडे केळीची बाग असेल, तर माणूस दहा पावलं आत गेला की दिसतच नाही. फाटकावर कायम माणूस हवा. "कॅमेरे आहेत" हे उत्तर अपुरं आहे, कारण कॅमेरा कुणाला मागे आणत नाही. कुणी निघून गेल्यास पहिल्या पंधरा मिनिटांत कोण काय करतं, ते विचारा.

### मे महिना डोळ्यांसमोर आणा

जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली हिवाळ्यात छान वाटते. कुलर चालतो का, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे किती वेळ चालतात, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं आणि टाकी किती मोठी, हे सगळं विचारा. डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही किंवा सांगता येत नाही. त्यामुळे "मागितलं की देतो" चालणार नाही. घड्याळ बघून पाणी, ताक, सरबत दिलं जातं का आणि ते कोण बघतं?

तपासा: गाडीत बसल्या बसल्या, एकमेकांशी बोलण्याआधी, प्रत्येकानं तीन ओळी लिहा: काय खटकलं, काय पटलं, काय विचारायचं राहिलं. आधी बोललात की मोठ्याचं मत सगळ्यांचं होतं.

## ६. औषधं आणि डॉक्टर

विचारा: डॉक्टर प्रत्यक्ष येतो की फोनवर सांगतो? रात्री दोनला ताप आला तर कोण ठरवतं, कोणत्या दवाखान्यात नेतात, आणि तिथे पेशंटजवळ कोण थांबतं? बहुतेक ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तुम्ही" असतं. मुलगा पुण्यात असेल तर गावातला कोण धावेल, हे आजच ठरवा.

चिडचिड, आरडाओरड यांसाठी क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल अशी औषधं दिली जातात. कधी कधी ती लागतातही. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये त्यांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती कमीत कमी मात्रेत, ठरावीक काळासाठी आणि तपासणी करत द्यायची असतात. करारात किंवा निदान वेगळ्या पत्रावर लिहून घ्या: शांत करणारं कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी किंवा मात्रा वाढवण्याआधी कुटुंबाला फोन करायचा आणि डॉक्टरांची लेखी चिठ्ठी ठेवायची.

अंथरुणावरच्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याची नोंद असते का ते बघा, आणि सध्या कुणाच्या पाठीला जखम आहे का, हे सरळ विचारा.

## ७. पैसे, सह्या आणि भाऊबंद

महिन्याच्या आकड्यात काय नाही, ते आधी लिहून घ्या: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, ॲम्ब्युलन्स, दवाखान्यातला मदतनीस. पेशंट खाटेवर गेला की दर किती वाढतो? डिपॉझिट कधी परत मिळतं, मृत्यू झाला तर किती? काढून न्यायचं असेल तर नोटीस किती दिवसांची? "देणगी" या नावाखाली घेतलेली रक्कम परत येत नाही असंच धरून चाला.

सातबारा, मृत्युपत्र, एटीएम कार्ड किंवा कोऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्या संस्थेशी पुढे बोलूच नका.

घरातही काही उरकायचं असतं. साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेल्यावर चालत नाही, म्हणून आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बँक, संयुक्त खातं, नामनिर्देशन यांबद्दल आत्ताच वकिलाला भेटा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण करणार, हे केंद्राशी ठरवून ठेवा. केंद्र सरकार आणि रेल्वेच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण सकाळी, माणूस ताजातवाना असताना करा.

भावंडांत पैसे कोण किती देणार, केंद्र कुणाला फोन करणार आणि अंतिम निर्णय कुणाचा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. केंद्राला तीन भावांनी तीन वेगवेगळ्या सूचना दिल्या, की कुणाचीच पाळली जात नाही.

## ८. प्रत्यक्ष हलवताना

जमलं तर आधी पंधरा दिवसांचा चाचणी मुक्काम ठरवा, आणि तो ऐन मे महिन्यात नको. सकाळी पोचा. संध्याकाळी नेलेला माणूस पहिल्याच रात्री बिथरतो.

सोबत द्यायचं: वापरातली गोधडी, स्वतःचा तांब्या, टोपी, तरुणपणचे नावं लिहिलेले फोटो, आणि तुमचा तो दोन पानी कागद. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांवर नाव घाला, कारण हरवतात ते तिथेच. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक लावा. जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला पहिल्या दिवशीच गाऊन चढवतात. ते टाळता येईल का, विचारा. सोनं घरी ठेवा, पण गळा मोकळा ठेवू नका, साधी पोत घाला. मोकळ्या गळ्याला हात लावून "चोरलं" म्हणत बाई दिवसभर रडू शकते.

"उद्या न्यायला येतो" असं वचन देऊ नका. "महिनाभर भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील" हा सल्लाही मी मानत नाही. पहिल्या आठवड्यात भेटी छोट्या ठेवा, दुपारी जा, आणि निघताना निरोपाचा सोहळा न करता जेवणाच्या किंवा चहाच्या वेळी उठा.

## ९. पहिले तीन महिने

पहिला आठवडा सरला की भेटीची वेळ दर खेपेला बदला. दर महिन्याला वजन विचारा आणि स्वतः लिहून ठेवा. पाठ, कंबर, टाचा स्वतः बघा. सेवा करणारीला आत जाऊ द्या, तिला दोन मिनिटांत कळतं. औषधांची यादी आधीच्या यादीशी ताडून बघा.

सुरुवातीचं रडणं, "घरी ने" म्हणणं यावरून लगेच केंद्र वाईट ठरवू नका. ते घरीही म्हणत होते. मात्र वजन सतत उतरत असेल, न सांगता औषध वाढलं असेल, कारण न सांगता येणारे काळे-निळे वळ असतील, किंवा ठरावीक मदतनीस जवळ आला की ते दचकत असतील, तर वाट बघू नका.

ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८) आणि सांभाळणाऱ्यांच्याही मनाच्या ताणासाठी टेलिमानस १४४१६ हे नंबर फोनमध्ये ठेवा. मारहाणीचा संशय असेल तर फोटो काढा, डॉक्टरकडून तपासणी करून घ्या आणि पोलिसांत जा.

केंद्र बदलायचं ठरलं, तर नोटीस देण्याआधी औषधांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी आणि दवाखान्याच्या कागदांच्या प्रती मागून घ्या, आणि नव्या ठिकाणीही संध्याकाळची भेट आधी उरका.